पहिला चीक, चाकासारखा विषाणू आणि वासरांची हगवण

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘रोटासील’ ही लस तान्ह्या बाळांना तोंडावाटे देतात. रोटाव्हायरसच्या जुलाबांपासून बाळांना वाचवणाऱ्या या लशीत पाच प्रकारचे विषाणू असतात आणि त्या पाचांचाही सांगाडा वासराच्या विषाणूचा आहे. वरची ओळख तेवढी माणसाच्या विषाणूकडून घेतलेली. हा मूळ विषाणू सत्तरच्या दशकात इंग्लंडमधल्या कॉम्प्टन इथल्या पशुरोग संशोधन संस्थेत मिळाला, हगवण लागलेल्या वासरांवर काम चालू असताना. तो बाळाच्या लशीपर्यंत कसा पोचला हे समजून घ्यायचे तर सुरुवात गोठ्यापासूनच करावी लागते.

वासरू जन्मले, दोन-चार दिवस उड्या मारल्या, मग एका सकाळी शेपटी पिवळ्या-पांढऱ्या पातळ शेणाने माखलेली, डोळे खोल गेलेले, कान गार. संध्याकाळपर्यंत ते उठत नाही. गाई-म्हशी पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराने हे पाहिलेले असते. पांढरी हगवण हे नाव जुने आहे. कारण शोधण्याचा शास्त्रीय प्रयत्न मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, जंतुशास्त्र नवे असताना सुरू झाला. डेन्मार्कमध्ये कार्ल ओलुफ येन्सेन यांनी आतड्यातल्या कोलाय जिवाणूंकडे बोट दाखवले. आयर्लंडमध्ये वासरे इतकी मरत होती की तिथल्या कृषी खात्याने १९०१ मध्ये फ्रान्सहून पशुवैद्यक एदमों नोकार यांना बोलावले. रोग नाळेतून शिरतो असे नोकार यांचे मत पडले. त्यांनी ठरवलेला जिवाणू पुढे टिकला नाही, पण जागा स्वच्छ ठेवा, नाळ निर्जंतुक करा, हा त्यांचा सल्ला आजही तंतोतंत लागू आहे.

या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग १९२२ चा आहे. अमेरिकेत प्रिन्स्टन इथे थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी नवजात वासरांचे दोन गट केले. एका गटाला आईचा चीक पाजला, दुसऱ्याला चिकाऐवजी साधे दूध. चीक प्यायलेली वासरे जगली. न प्यायलेली बहुतेक मेली आणि त्यांच्या अवयवांत कोलाय जिवाणू पसरलेले सापडले. हे जिवाणू एरवी प्रत्येक गोठ्यात, प्रत्येक आतड्यात असतातच. म्हणजे फरक जंतूंचा नव्हता, चिकाचा होता.

कारण गाईच्या वारेत आहे. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे गर्भातच, वारेतून मिळतात. गाई-म्हशीच्या वारेचे थर असे असतात की ती प्रतिपिंडे पलीकडे जात नाहीत. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारे जवळजवळ काहीच नसते. ती शिदोरी चिकात असते. चिकातली प्रतिपिंडे न पचवता अख्खी रक्तात घेण्याची सोय वासराच्या आतड्यात असते, पण ती थोडाच वेळ. पहिले सहा तास उत्तम, मग दर तासाला कमी, आणि साधारण चोवीस तासांत ते दार बंद. त्यानंतर पाजलेला चीक पोटात जातो, रक्तात उतरत नाही.

इतके कळूनही विषाणू अजून कोणी पाहिला नव्हता. हगवण म्हणजे जिवाणू ही समजूत पक्की होती आणि प्रतिजैविके आल्यावर ती आणखी घट्ट झाली. वासरू हगायला लागले की गोळी घालायची, ही आपल्याकडची सवय त्याच काळाची देणगी आहे. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. तरीही ती गोळी आज पहिली दिली जाते आणि पाणी नंतर आठवते, याचे मला फार वाईट वाटते.

विषाणूचा पहिला माग मात्र माणसांच्या रुग्णालयातून लागला. चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर इथल्या प्रसूतिगृहांत नवजात बाळांना जुलाबांची साथ आली. जेकब लाइट आणि होरेस होड्स या डॉक्टरांनी बाळांची विष्ठा जिवाणू अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळून वासरांना दिली. वासरांना हगवण लागली, आणि एका वासराकडून दुसऱ्याला देता आली. हे १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळाच्या आणि वासराच्या आजाराचा धागा तिथेच जुळला होता, फक्त तो पाहायला साधन नव्हते. तीसएक वर्षांनी जपून ठेवलेला नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात रोटाव्हायरस दिसला.

त्या आधी, १९६९ मध्ये, नेब्रास्का विद्यापीठात चार्ल्स मेबस आणि सहकाऱ्यांनी एका कळपातल्या हगवणीतून विषाणू मिळवून निरोगी वासरांत तोच आजार पुन्हा घडवून दाखवला. थोड्याच वर्षांत त्यांनी दुसरा विषाणूही शोधला, तो वासरांचा कोरोनाव्हायरस. (२०२० नंतर हे नाव ऐकून अनेक पशुपालक घाबरले. गोठ्यातला हा कोरोना वेगळा आणि पशुवैद्यकांच्या जुन्या ओळखीचा आहे.) मेलबर्नमध्ये १९७३ साली रूथ बिशप आणि सहकाऱ्यांना जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याच्या तुकड्यात तशाच आकाराचे कण दिसले. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमचे थॉमस फ्लेवेट आणि कॉम्प्टनचे जेराल्ड वूड यांच्या गटाने मुलांचा आणि वासरांचा विषाणू नात्यातले आहेत हे मांडले. सूक्ष्मदर्शकाखाली तो बैलगाडीच्या चाकासारखा दिसतो: मध्ये तुंबा, भोवती आखूड आरे, बाहेर गुळगुळीत धाव. लॅटिनमध्ये चाकाला ‘रोटा’ म्हणतात, त्यावरून फ्लेवेट यांनी नाव सुचवले.

नाते कळल्यावर जुनी युक्ती आठवणे साहजिक होते. गाईच्या देवीने माणसाची देवी अडवता येते हे जेनर यांनी दाखवले होते, आणि ‘व्हॅक्सिन’ हा शब्दच गाईच्या लॅटिन नावावरून आला. वासराचा रोटाव्हायरस माणसाच्या बाळाला सहसा आजारी पाडत नाही, मग तोच लस म्हणून का देऊ नये? नेब्रास्काच्या विषाणूपासून केलेली लस ऐंशीच्या दशकात फिनलंडमध्ये मुलांना देऊन पाहिली गेली. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत पेनसिल्व्हेनियातल्या एका वासराचा विषाणू घेऊन काम झाले, त्यातून २००६ मध्ये ‘रोटाटेक’ आली. कॉम्प्टनचा विषाणू अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अल्बर्ट कपिकियन यांच्या हाती गेला आणि तिथून भारतात, पुण्यात. नायजरमधल्या मोठ्या चाचणीत रोटासीलने रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब सुमारे दोन तृतीयांशाने कमी केले, ते निष्कर्ष २०१७ मध्ये आले. आपली दुसरी लस, भारत बायोटेकची ‘रोटावॅक’, दिल्लीच्या एम्समध्ये जन्मलेल्या बाळात सापडलेल्या विषाणूची. पण त्या विषाणूतही एक जनुक गोवंशातून आलेले आहे. २०१६ पासून रोटाव्हायरस लस आपल्या सार्वत्रिक लसीकरणात आली.

वासरासाठी हे इतके सोपे गेले नाही. जन्मल्याबरोबर वासराला तोंडावाटे द्यायची लस सत्तरच्या दशकात अमेरिकेत निघाली. काटेकोर चाचण्यांत तिचा फारसा उपयोग दिसला नाही, कारण चिकातली प्रतिपिंडे लशीतल्या विषाणूलाच निकामी करत. मग विचार उलटा झाला: वासराला नको, गाभण गाईला शेवटच्या महिन्यांत टोचा, म्हणजे चीकच ताकदवान होईल. इतके फिरून शास्त्र पुन्हा १९२२ च्या चिकापाशी आले.

इथे एक बारकावा आहे, आणि तो आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. हगवणीची कारणे वासराच्या वयानुसार बदलतात. पहिल्या तीन-चार दिवसांत कोलायचा विषारी प्रकार, साधारण पाचव्या दिवसापासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत रोटा, कोरोना आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी. रोटाव्हायरस रक्तात नव्हे, आतड्याच्या आतल्या बाजूला, लव्हाळीसारख्या अंकुरांच्या टोकांवर वार करतो. अंकुर झडले की दुधातली साखर पचत नाही, ती पाणी ओढून घेते आणि पाणी वाहून जाते. म्हणून तिथे प्रतिपिंडे रक्तात असून पुरत नाहीत, ती आतड्याच्या पोकळीत रोज उतरावी लागतात. पहिला चीक रक्तासाठी, पुढच्या तीन-चार दिवसांचा आतड्यासाठी. आणि नेमका तो पुढचा चीक आपण खरवसाला देतो.

खरवस मलाही आवडतो. वेलदोडा-जायफळाचा तो वास म्हणजे घरात गाय व्यायल्याची बातमीच. पण वासराचे पोट भरून उरेल तेवढ्याचाच खरवस व्हावा. त्याहून घातक समजूत म्हणजे ‘जार (म्हणजे वार) पडल्याशिवाय वासराला पाजायचे नाही’. जार पडायला कित्येकदा आठ-बारा तास लागतात. रात्री दहाला व्यालेल्या गाईचा जार सकाळी नऊला पडला, तर वासराचे सोन्यासारखे सहा तास केव्हाच संपलेले असतात. उलट वासरू सडाला लागले की गाय पान्हा सोडते, आणि ज्या संप्रेरकाने पान्हा सुटतो तेच गर्भाशय आकुंचित करून जार पडायला मदत करते.

हगवण लागलीच तर जीव जातो तो पाणी आणि क्षार गेल्याने. १९७१ मध्ये बनगाव इथल्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपले, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे द्रावण पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ३.६ टक्क्यांवर आले. वासराच्या आतड्यातही तीच किल्ली चालते: ग्लुकोज सोडियमला आत ओढते, मागून पाणी जाते. दूध तोडायचे नाही. दुधाच्या वेळा सोडून मधल्या वेळात द्रावण पाजायचे. वासरू बोट चोखेनासे झाले, तोंड आतून गार लागले, तर पशुवैद्यकाला बोलावून शिरेतून सलाइन देण्याला पर्याय नाही.

नेब्रास्काच्याच सँडहिल्स भागात या शतकाच्या सुरुवातीला एक साधी पद्धत निघाली. दर आठवड्याला न व्यालेल्या गाई नव्या कुरणात हलवायच्या आणि व्यालेल्या गाई वासरांसह मागे ठेवायच्या. एक वासरू आजारी पडले की कोट्यवधी विषाणू बाहेर टाकते, त्यामुळे मोठ्या वासरांकडून लहानांना लागण होते, ती साखळी तुटली. आपल्याकडे कुरणे कुठली? दोन गुंठ्यांच्या गोठ्यात सगळी वासरे एकाच खुंट्यापाशी. पण नवे वासरू वेगळ्या कोरड्या कोपऱ्यात बांधणे, त्याचे भांडे वेगळे ठेवणे, आजारी वासराचे काम शेवटी करणे, एवढे त्या जागेतही होते.

दुधासाठी संकरित गाय आली, शेतीत ट्रॅक्टर आला आणि गोऱ्ह्याची किंमत गेली. म्हशीच्या रेडकाची तर आधीपासूनच नव्हती. कालवडीला चीक पोटभर मिळतो, गोऱ्ह्याला उरलेला. हगवण मग पहिली त्यालाच गाठते, आणि त्याने टाकलेल्या विषाणूतून शेजारच्या दाव्याला बांधलेली ती जपलेली कालवडही सुटत नाही.