रॉबर्ट मॉरिस: देशाची पत राखणाऱ्याचं दिवाळं

१७८१ साली, ब्रिटिशांविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, अमेरिकन काँग्रेसच्या तिजोरीत खडखडाट होता. कर बसवायचा अधिकारच तिला नव्हता. तेरा राज्यांपुढे हात पसरायचा आणि पदरात पडेल त्यात भागवायचं, असा कारभार. छापलेल्या नोटा तर कुणी घेईना. अशा वेळी अर्थखातं सोपवलं गेलं ते फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट मॉरिसवर.

लिव्हरपूलमध्ये १७३४ साली जन्मलेला मॉरिस पोरवयातच अमेरिकेत आला, चार्ल्स विलिंगच्या पेढीवर उमेदवारी करून तिथल्याच धंद्यात भागीदार झाला. या पेढीने गुलामांच्या व्यापारातही पैसा घातला होता, हे त्याच्या चरित्रात झाकून ठेवण्यासारखं नाही. जुलै १७७६मध्ये स्वातंत्र्याचा ठराव मतास आला तेव्हा तो गैरहजर राहिला. घाई होते आहे, असं त्याचं मत होतं. ऑगस्टमध्ये मात्र त्याने जाहीरनाम्यावर सही केली.

यॉर्कटाऊनच्या मोहिमेत त्याचा खरा कस लागला. वॉशिंग्टनची फौज दक्षिणेकडे निघाली होती आणि पगार थकल्यामुळे शिपाई कुरकुरत होते. त्यांना कागद नको, खणखणीत नाणं हवं होतं. मॉरिसने फ्रेंच सेनापती रोशांबोकडून २०,००० डॉलर उसने घेतले आणि महिन्याचा पगार रोख वाटला गेला. पुढे त्याने स्वतःच्या सहीच्या हुंड्या काढल्या. सरकारची नोट नाकारणारा व्यापारी ‘मॉरिस’ ही सही पाहून माल देत असे. १७८२च्या जानेवारीत त्याची बँक ऑफ नॉर्थ अमेरिकाही सुरू झाली. आयातीवर पाच टक्के जकात बसवायची त्याची धडपड मात्र ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे फसली. १७८७च्या संविधान परिषदेत वॉशिंग्टनचं नाव परिषदेच्या अध्यक्षपदासाठी सुचवलं ते यानेच.

मग हा माणूस बुडाला कसा? माझ्या मते, ज्या सवयीने देश तरला तिनेच. उद्या येणाऱ्या पैशाच्या भरवशावर आज व्यवहार करायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. सिनेटर असतानाच त्याने लाखो एकर जमिनी उधारीवर घेतल्या, नव्या राजधानीतले हजारो भूखंडही भागीदारीत उचलले. फिलाडेल्फियात चेस्टनट स्ट्रीटवर फ्रेंच वास्तुविशारद लांफांकडून संगमरवरी वाडा बांधायला घेतला. तो पुरा झालाच नाही. लोक त्याला ‘मॉरिसचा मूर्खपणा’ म्हणू लागले. युरोपातून गिऱ्हाईक येईना, आणि १७९६-९७च्या मंदीत सगळी साखळीच तुटली.

फेब्रुवारी १७९८मध्ये कर्जदारांच्या तुरुंगात त्याची रवानगी झाली. त्याच नोव्हेंबरात वॉशिंग्टन फिलाडेल्फियाला आला, तेव्हा तुरुंगात जाऊन त्याच्यासोबत जेवला. दिवाळखोरीचा नवा कायदा झाल्यावर, १८०१च्या ऑगस्टमध्ये तो सुटला. डोक्यावरचं कर्ज तीस लाख डॉलरच्या घरात होतं. १८०६ साली तो वारला. शेवटची वर्षं घर चाललं ते पत्नी मेरीला हॉलंड लँड कंपनीकडून मिळणाऱ्या वर्षाच्या १,५०० डॉलरांवर. ही तजवीज केली होती त्याचा अर्थखात्यातला जुना साहाय्यक गूव्हर्न्यूर मॉरिस याने. आडनाव एकच, नातं काही नाही.