1000 नव्हे, 997

लॅपटॉपवर गाणं वाजलं की आपण म्हणतो, साउंड ड्रायव्हर (साउंड कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ठीक आहे. हा गैरसमज आहे. परवा मी स्क्रीनवरच्या एका खिडकीत आवाज म्यूट केला. आवाज बंदही झाला; शेजारच्या खिडकीत मात्र तो सुरूच दिसत होता. काम झालं, निरोप पोचला नाही.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये अशा चुका पकडायला 2022 पासून कर्नलसोबत, म्हणजे तिच्या गाभ्यासोबत, 'मिक्सर-टेस्ट' ही चाचणी येते. साउंड कार्डाची बटणं ती एकेक करून स्वतः फिरवते. व्हॉल्यूम 0 ते 63 असेल तर त्यातले आकडे लिहून परत वाचते, मग मुद्दाम 64 आणि उणे 1 लिहिते. द्विमान पद्धतीत 63 म्हणजे ओळीने सहा एक. 64 ला सातवी जागा लागते, आणि बेफिकीर ड्रायव्हर शेजारच्या बटणाच्या जागेत घुसू शकतो. बटणाची किंमत बदलली तर इतर प्रोग्रॅमना निरोप गेलाच पाहिजे. तीच किंमत पुन्हा लिहिली तर जाता कामा नये. हेही ती बघते.

पण ही चाचणी बहिरी आहे. ऐकायचं काम 'अल्साबॅट' करतं. लाइन-आउटमधून लाइन-इनमध्ये वायर टाकायची. अल्साबॅट एक शुद्ध सूर वाजवतं, रेकॉर्ड करतं आणि फूरिए रूपांतराने (आवाजातले सूर वेगळे करणाऱ्या गणिताने) त्याची वारंवारता शोधतं. सोन्याचा मुलामा दिलेल्या डिजिटल केबलने आवाज 'गोड' होतो म्हणणाऱ्यांनी असं मोजून दाखवावं.

हा सूर 997 हर्ट्झचा असतो. 1000 का नाही? सेकंदाला 48,000 नमुने, म्हणजे लाटेच्या उंचीची मोजमापं, धरा. 1000 हर्ट्झच्या एका लाटेत बरोबर 48 नमुने बसतात आणि पुढची प्रत्येक लाट त्याच 48 बिंदूंवर पडते. साइन लाटेची सममिती धरली तर वेगवेगळ्या उंची मिळतात फक्त 25. सोळा बिटांत उंचीच्या पायऱ्या आहेत 65,536! 997 मात्र मूळ संख्या, 48,000 शी सामाईक अवयव नाही. त्यामुळे पूर्ण सेकंदभर लाटेवरचा एकही बिंदू पुन्हा येत नाही. सूर हजारो पायऱ्यांवर पाय ठेवत जातो. एखादी पायरी बिघडलेली असली तरी वारंवारतेच्या आलेखात सुराचं शिखर जागेवरच दिसतं, दोष शेजारी बारीक गोंगाट होऊन उमटतो. म्हणून सूर आणि गोंगाट यांचं प्रमाणही अल्साबॅटला तपासायला सांगता येतं.