सायलेन्सर लावला की बंदूक गप्प होते?

पिक्चरमध्ये काय दाखवतात, व्हिलन पिस्तुलाला सायलेन्सर फिरवून बसवतो, 'पिच्च' असा बारीक आवाज, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाची झोपसुद्धा मोडत नाही. साफ चूक आहे हे.

साध्या ९ एमएम पिस्तुलाच्या बाराचा आवाज साधारण १६० डेसिबल असतो, सायलेन्सर त्यातले २० ते ३५ कमी करतो, म्हणजे उरतात १२५-१४० च्या आसपास, आणि तेवढ्यात शेजारचाच काय मजल्यावरचा प्रत्येक जण दचकून उठेल. सायलेन्सर करतो एवढंच की गोळीमागून सुटणारा तापलेला गॅस आतल्या कप्प्यांत अडवून हळूहळू सोडतो, बाईकच्या सायलेन्सरसारखंच (हायरम पर्सी मॅक्सिम नावाच्या ज्या अमेरिकन माणसाने १९०९ मध्ये याचं पेटंट घेतलं त्याच्या कंपनीने पुढे इंजिनांचेही सायलेन्सर बनवले). पण गोळी स्वतःच आवाजापेक्षा जोरात, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या वर पळत असेल तर हवेत जो कडाका होतो तो नळीच्या बाहेर होतो, त्याला सायलेन्सर काय करणार? म्हणून मग मुद्दाम कमी वेगाची काडतुसं वापरतात, तरी पिस्तुलाची स्लाइड (वरचा, बार झाला की मागे-पुढे सरकणारा भाग) खटॅक करतेच.

आणि रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावलेला दिसला की मला तर हसूच येतं. सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) आणि नळीमध्ये फट असते, गॅस तिथूनच सटकतो. रशियन नागां एम१८९५ हा अपवाद, त्यात सिलिंडर पुढे सरकून फट बंद होते, पण पिक्चरवाल्यांच्या हातात ते कुठे असतं!