ॲनेमीक व्हान फ्ल्यूटन

ॲनेमीक व्हान फ्ल्यूटन (जन्म ८ ऑक्टोबर १९८२) ही नेदरलँड्सची रोड सायकलिस्ट, आता रिटायर झालेली. रोड रेसची वर्ल्ड चॅम्पियन दोनदा (२०१९, २०२२), टाइम ट्रायलची दोनदा (२०१७, २०१८), टोकियो ऑलिम्पिकमध्ये एक गोल्ड एक सिल्व्हर, बायकांची जिरो (इटलीतली अनेक टप्प्यांची म्हणजे स्टेजची रेस) चार वेळा, आणि २०२२ पासून नव्यानं सुरू झालेल्या टूर दे फ्रान्स फेमची (म्हणजे बायकांच्या टूरची) पहिली विजेती. आडनावातलं 'व्हान' म्हणजे आपल्याकडचं 'कर', आणि उत्रेख्तजवळच्या ज्या फ्ल्यूटन गावचं ते आडनाव, त्याच गावात ती जन्मली, म्हणजे अगदी शब्दशः फ्ल्यूटनकर.

तिच्याबद्दल लिहिताना मेडलची यादी देऊन मोकळं होता येतं पण त्यातून ती काय प्रकारची रायडर होती ते कळत नाही. एक गोष्ट डोक्यात ठेवली की बाकीचं करिअर आपोआप उलगडतं: तिला स्प्रिंट फारशी नव्हती. शेवटच्या दोनशे मीटरला घोळका एकत्र आला तर नेदरलँड्सच्याच मारियाना व्हॉससारख्या स्प्रिंटवालीसमोर तिचं काही चालणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग जिंकायचं तर फिनिशलाइनपर्यंत सोबत कुणी उरताच कामा नये, म्हणून लांबून सुटायचं, कधी कधी इतक्या लांबून की टीव्हीवर बघणाऱ्याला वाटावं हिचं गणित चुकलंय.

सुरुवात उशिराची आहे. नेदरलँड्समध्ये सायकल सगळेच चालवतात, त्यात नवल नाही, पण ही लहानपणी रेसिंगवाली नव्हती, फुटबॉल खेळायची. गुडघ्याचा मेनिस्कस (आतली कुर्चा) गेला, फुटबॉल बंद झाला आणि गुडघ्यावर भार कमी पडावा म्हणून सायकल हातात आली. तोवर ती वागेनिंगन युनिव्हर्सिटीत प्राण्यांचं शास्त्र शिकत होती, पुढे मास्टर्स केलं ते साथरोगशास्त्रात. म्हणजे व्हॉस ज्या वयात वर्ल्ड चॅम्पियन होऊन बसली होती त्या वयात ही लेक्चरला बसत होती, आणि प्रोफेशनल टीममध्ये आली ती पंचविशीच्या आसपास. याचे दोन परिणाम दिसतात असं माझं मत. एक, शरीर कमी झिजलेलं होतं, त्यामुळं पस्तिशीनंतर तिचा खरा बहर आला. दुसरा, दीडशे जणींच्या घोळक्यात खांद्याला खांदा लावून चालवायची जी सवय लहानपणापासून लागते ती तिला कधी पूर्ण लागली नाही, आणि ती पडायचीही बऱ्याचदा.

पहिली काही वर्षं ती व्हॉसच्या टीममधली मदतनीस. रोड सायकलिंग बाहेरून वैयक्तिक खेळ वाटतो पण आत सगळा टीमचा मामला असतो: एक लीडर, बाकीच्या तिच्यासाठी वारा खाणार, पाण्याच्या बाटल्या आणणार, पुढं पळालेल्यांना पकडणार. पुढच्या सायकलच्या मागं चाकाला चाक लावून बसलं की वाऱ्याचा मार पुष्कळ कमी बसतो, म्हणून एकटीनं सुटणं एवढं अवघड. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये व्हॉसनं पावसात गोल्ड मारलं तेव्हा ही त्याच टीममध्ये होती. पण नुसती मदतनीस नव्हती, २०११ मध्ये तिनं टूर ऑफ फ्लँडर्स जिंकली आणि त्या वर्षीचा वर्ल्ड कपही. फ्लँडर्स म्हणजे बेल्जियममधली दगडी फरसबंद चढांची रेस, तिथं ही जत्राच असते. बरोबर दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, तीच रेस तिनं पुन्हा जिंकली.

रिओचा उतार

७ ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिम्पिकची रोड रेस. शेवटच्या मोठ्या चढावर तिनं सगळ्यांना मागं टाकलं, अमेरिकेची मारा ॲबट तेवढी जवळ होती. पुढं व्हिस्ता चिनेझाचा उतार, पावसानं ओला, झाडीतला, आपल्या घाटासारखा वळणावळणाचा. उतारावर तिनं ॲबटलाही सोडलं आणि एकटी पुढं निघाली, फिनिशला दहा-बारा किलोमीटर राहिले होते. मग एका उजव्या वळणावर चाक घसरलं आणि ती डोक्यावर जाऊन काँक्रीटच्या कडेला आदळली. कॅमेऱ्यात दिसलं ते एवढंच की एक केशरी जर्सी रस्त्याकडेला वाकडीतिकडी पडलीय आणि हलत नाहीये. लाइव्ह बघणाऱ्या बऱ्याच जणांना ती गेलीच असं वाटलं.

कमरेच्या मणक्यांना तीन फ्रॅक्चर आणि मेंदूला जोरदार धक्का एवढ्यावर निभावलं. गोल्ड मिळालं तिच्याच देशाच्या ॲना व्हान डेर ब्रेखेनला, एकटी पुढं असलेल्या ॲबटला अगदी फिनिशच्या तोंडाशी तिघींनी गाठलं आणि ती चौथी आली, तिची हळहळ वेगळीच. व्हान फ्ल्यूटन पुढच्याच महिन्यात बेल्जियममधली स्टेज रेस जिंकून मोकळी झाली.

त्या दिवशी ती पडली ही बातमी झाली, पण तिनं स्वतः त्यातून काढलेला अर्थ जास्त कामाचा होता: चढावर आपण जगात सगळ्यात पुढं असू शकतो. ज्या देशात मुख्य भूमीवरची सगळ्यात उंच टेकडी ३२२ मीटरची आहे तिथली ही बाई वयाच्या चौतिशीत डोंगरातली रायडर झाली. मग उंचावरचे कॅम्प, दिवसाला सहा-सात तास सॅडलवर, आणि पुरुषांच्या टीमसोबत ट्रेनिंग, आधी मिचेल्टन-स्कॉटमध्ये आणि २०२१ पासून स्पेनच्या मोव्हिस्टारमध्ये. पुरुषांच्या मागं धापा टाकत तग धरायची सवय असली की बायकांच्या रेसमध्ये एकटीनं दोन तास ओढणं तितकं परकं वाटत नाही.

एकटीची वर्षं

२०१७ मध्ये बर्गनला टाइम ट्रायलचं वर्ल्ड टायटल, २०१८ मध्ये इन्सब्रुकला परत तेच. टाइम ट्रायल म्हणजे एकेकीनं सुटायचं, पुढं-मागं कुणी नाही, फक्त घड्याळाशी शर्यत, तिच्या स्वभावाला अगदी मानवणारा प्रकार. २०१८ मध्ये जिरोही पहिल्यांदा घेतली, त्यात झोंकोलानचा भयंकर चढ जिंकून. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ला कुर्स नावाच्या एका दिवसाच्या रेसमध्ये ल ग्रां-बोर्नांला व्हान डेर ब्रेखेन जिंकली असं सगळे धरून चालले असताना हिनं तिला शेवटच्या काही मीटरमध्ये गाठलं आणि एका सेकंदानं घेतली. ती क्लिप कुणीही एकदा बघावी, सायकलिंगमधलं काही कळत नसलं तरी चालेल. आणि इन्सब्रुकच्या रोड रेसमध्ये पुन्हा पडली, गुडघ्याचं हाड मोडलं, आणि मोडलेल्या गुडघ्यानं उरलेली रेस पूर्ण करून सातवी आली. सातवी!

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कशरला वर्ल्ड चॅम्पियनशिपची रोड रेस. ब्रॅडफर्ड ते हॅरोगेट, जवळपास १५० किलोमीटर. लॉफ्टहाउसच्या चढावर तिनं जोर लावला आणि मागं बघते तर कुणीच नाही, फिनिशला अजून शंभराच्या वर किलोमीटर बाकी. एवढ्या लांबून वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये कुणी सुटत नाही, कारण मागं घोळका आळीपाळीनं वारा खातो आणि पुढची एकटी थकते, हे साधं गणित आहे. पण मागच्यांपैकी नेदरलँड्सच्या बायका पाठलागाला मदत करणार नव्हत्या, पुढं आपलीच असताना कशाला करतील, आणि बाकीच्यांचं एकमेकींशी जमलं नाही. ती सव्वादोन मिनिटांनी जिंकली. दुसरी परत व्हान डेर ब्रेखेन. या दोघींचा हिशोब असा वर्षानुवर्षं चालू होता, एकीचा दिवस बिघडला की दुसरीचा उजाडायचा: २०२० मध्ये जिरोत लीडर असताना हिचं मनगट मोडलं आणि ती जिरो व्हान डेर ब्रेखेननं नेली, आणि थोड्याच दिवसांत इमोलाच्या वर्ल्ड्समध्ये प्लास्टरमधल्या हातानं ही तिच्याच मागं सिल्व्हर घेऊन आली.

टोकियोतली फजिती

२५ जुलै २०२१ ची रोड रेस हा तिच्या करिअरमधला सगळ्यात जास्त सांगितला जाणारा किस्सा आहे आणि त्यात तिचं हसं झालं असं वरवर वाटतं. ऑस्ट्रियाची ॲना कीझेनहोफर, गणितात पीएचडी, कुठल्या प्रोफेशनल टीमशी करार नाही, ती रेस सुरू होताक्षणीच आणखी काही जणींसोबत पुढं पळाली. कुणी मनावर घेतलं नाही. आघाडी एका वेळी दहा मिनिटांच्या वर गेली. ऑलिम्पिकमध्ये कानात रेडिओ चालत नाही, म्हणजे टीमची गाडी तुम्हाला सांगू शकत नाही की पुढं नक्की कितीजणी आहेत, मोटरसायकलवरच्या पाटीवर काय दिसेल तेवढंच. पळालेल्यांपैकी शेवटच्या दोघींना घोळक्यानं गाठलं, नेदरलँड्सच्या चौघींना वाटलं झालं, सगळ्या आल्या. कीझेनहोफर मात्र त्या दोघींना कधीच सोडून एकटी फुजी स्पीडवेत पोचली होती. व्हान फ्ल्यूटन सव्वा मिनिटानं आली आणि दोन्ही हात वर करून लाइन ओलांडली. आपण जिंकलो नाही हे तिला त्यानंतर कळलं.

जगातली सगळ्यात तगडी टीम, त्यात व्हॉस, व्हान डेर ब्रेखेन, डेमी व्होलेरिंग आणि ही, आणि चौघींना मिळून एक मोजता आली नाही. गंमत अशी की ज्या डावानं हिनं यॉर्कशर मारलं होतं तोच डाव एका गणितवालीनं हिच्यावर टाकला. तीन दिवसांनी टाइम ट्रायल होती, तिथं मोजायला कुणी नसतं, २२.१ किलोमीटर तिनं ३० मिनिटं १३ सेकंदांत संपवले आणि ५६ सेकंदांच्या फरकानं गोल्ड घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बायकांची पहिलीवहिली पॅरिस-रूबे झाली, पावसात, चिखलात, आणि तिथं पडून ओटीपोटाचं हाड मोडून घेतलं.

२०२२

या वर्षावर वेगळं पुस्तक होईल. जिरो, टूर आणि स्पेनची वुएल्ता (तेव्हा ती पाचच दिवसांची होती) तिन्ही एकाच सीझनमध्ये, वर वर्ल्ड टायटल. वय ३९.

टूरचं आधी सांगायला हवं. बायकांची टूर ऐंशीच्या दशकात १९८४ ते १९८९ चालली होती, मग बंद पडली, पुढं वेगवेगळ्या नावांनी कशीबशी रेटली गेली आणि २०१४ पासून ला कुर्सवर भागवलं गेलं. २०२२ मध्ये आठ स्टेजची खरी रेस आली, २४ जुलैला आयफेल टॉवरपासून. बक्षिसाची रक्कम विजेतीला ५० हजार युरो, पुरुषांच्या विजेत्याला पाच लाख, एवढं सांगून पुढं जातो.

पहिल्या दिवसांत व्हान फ्ल्यूटनचं पोट बिघडलं, काही पोटात ठरेना, घरी जायची वेळ आली होती. सहा स्टेज ती नुसती टिकून राहिली, सुमारे दीड मिनिट मागं, पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पुढं असणारीची, व्हॉसकडं. सातव्या स्टेजला व्होजच्या डोंगरात तीन मोठे चढ होते. पहिल्याच, पेती बालाँच्या चढावर तिनं जोर लावला, फक्त व्होलेरिंग तिच्या चाकाला चिकटून राहिली, मग दुसऱ्या चढावर तीही सुटली. पुढचे ६२ किलोमीटर एकटी. ल मार्कस्टाइनला पोचली तेव्हा व्होलेरिंग ३ मिनिटं २६ सेकंद मागं होती, बाकीच्यांचं विचारूच नका. दुसऱ्या दिवशी सुपर प्लान्श दे बेल फीयला सायकलनं दगा दिला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा सायकल बदलावी लागली, मागं पडली, परत आली, आणि शेवटच्या कच्च्या खडीच्या चढावर ती स्टेजही जिंकली. एकूण फरक ३ मिनिटं ४८ सेकंद.

सप्टेंबरमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप, ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगॉन्गला. मिक्स्ड रिलेत (पुरुष आणि बायकांची मिळून टीम टाइम ट्रायल) स्टार्टच्या रॅम्पवरून उतरली आणि काही सेकंदांत आडवी, कोपराला फ्रॅक्चर. तीन दिवसांनी रोड रेसला ती व्हॉसची मदतनीस म्हणून उतरली. कोपर धरत नसल्यामुळं पेडलवर उभं राहून जोर लावता येत नव्हता, सगळी रेस बसून. चढावर मागं पडली, पुन्हा गटात आली, आणि पुढच्या पाच जणींना गाठलं तेव्हा फिनिश किलोमीटरभरावर होती. सगळ्या एकमेकींकडं बघत स्प्रिंटची तयारी करत असताना ही कडेनं, बसल्या बसल्या, निघून गेली. कुणाला वाटलं दमलेली बाई आहे, जाऊ दे, आणि ज्या क्षणी लक्षात आलं त्या क्षणी उशीर झाला होता. बेल्जियमची लोटे कोपेकी एका सेकंदानं दुसरी. आयुष्यभर शंभर किलोमीटरवरून सुटणाऱ्या बाईनं हे टायटल एका किलोमीटरवरून घेतलं, चाळिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना.

२०२३ हे तिनं आधीच जाहीर केलेलं शेवटचं वर्ष. वसंतातल्या एकदिवसीय रेसमध्ये काही हाती लागलं नाही. मे महिन्यात वुएल्ता फेमेनिना ९ सेकंदांनी घेतली पण त्यावरून वाद झाला, कारण लीडर व्होलेरिंग लघवीला थांबलेली असताना मोव्हिस्टारनं वाऱ्याच्या रस्त्यावर वेग वाढवला होता. हे मुद्दाम की आधीच ठरलेलं, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोलून झालंय. मला विचाराल तर ९ सेकंदांची रेस अशी जिंकलेली बघायला बरं वाटत नाही. जुलैत मात्र चौथी जिरो निर्विवाद जिंकली. आणि दोन आठवड्यांनी टूरमध्ये टूर्मालेच्या धुक्यात व्होलेरिंगनं तिला तसंच सोडलं जसं हिनं इतकी वर्षं बाकीच्यांना सोडलं होतं, अडीच मिनिटं गेली. शेवटच्या दिवशी पो गावातल्या टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे जिच्यात ती ऑलिम्पिक चॅम्पियन होती त्याच प्रकारात, पोडियमही हातचं गेलं आणि ती चौथी आली. सप्टेंबरमध्ये मायदेशातली सिमॅक लेडीज टूर चालवून तिनं नंबर उतरवला, तोपर्यंत जिंकलेल्या रेसचा आकडा शंभरच्या वर गेला होता.