ब्यूटिफुल थिंग

(१९९६). ब्रिटिश चित्रपट. जेमी व स्टी या शेजारी राहणाऱ्या शाळकरी मुलग्यांचे पहिले प्रेम आणि ते घरी उघड होणे, हा विषय. दिग्दर्शन हेटी मॅक्डॉनल्ड यांचे. पटकथा जॉनथन हार्वी यांनी आपल्याच नाटकावरून (बुश थिएटर, लंडन, १९९३) लिहिली. निर्मिती चॅनल फोरची. चित्रपट मुळात दूरचित्रवाणीसाठी होता, असे सामान्यतः मानले जाते.

नाटक रंगभूमीवर आले तेव्हा इंग्लंडमध्ये पुरुषांमधील संबंधांसाठी संमतिवय २१ होते; स्त्री-पुरुष संबंधांसाठी १६. २१ फेब्रुवारी १९९४ रोजी ते १६ वर आणण्याची सूचना संसदेत २८० विरुद्ध ३०७ मतांनी पडली आणि १८ वर तडजोड झाली. समान वय २००१ मध्ये आले. म्हणजे नाटक व चित्रपट, दोन्ही वेळी या मुलांचे प्रेम कायद्याच्या बाहेरच होते. समलैंगिकतेचा ‘प्रचार’ करण्यास मनाई करणारे १९८८ चे कलम २८ शाळांना थेट लागू होते की केवळ स्थानिक प्रशासनाला, याबद्दल मतभेद आहेत. पण बरेच शिक्षक ते लागू असल्यासारखेच गप्प राहिले. जेमी चिडवणुकीला कंटाळून खेळाचा तास बुडवतो, त्यामागे ही शांतता आहे.

कथा आग्नेय लंडनमधील थेम्समीड वसाहतीत घडते. नदीकाठच्या पाणथळ जमिनीवर १९६० च्या दशकाच्या अखेरीस ही वसाहत उभी राहू लागली. १९५३ च्या पुराचा अनुभव ताजा असल्याने सुरुवातीच्या इमारतींत तळमजल्यावर राहत्या खोल्या टाळल्या; खाली गॅरेज आणि वर इमारतींना जोडणारे काँक्रीटचे उंच पादचारी मार्ग. चित्रपटात तीन घरांची दारे एकाच सज्जावर उघडतात. चाळीत राहिलेल्याला हे समजावून सांगायला नको: भिंतीपलीकडचे भांडण ऐकू येते आणि कोण कोणाच्या घरी झोपायला गेले तेही दिसते.

बापाच्या माराला कंटाळून स्टी जेमीकडे झोपायला येतो. पलंग एकच, म्हणून एकाचे डोके दुसऱ्याच्या पायांशी. पुढे त्याच्या पाठीवरचे वळ पाहून जेमी घरात असलेले पुदिन्याचे, खरे तर पायांना लावायचे, लोशन पाठीला चोळतो. प्रेमाची कबुली शब्दांआधी इथे येते.

या प्रकारच्या चित्रपटांत ‘कमिंग आउट’, म्हणजे आपली समलैंगिकता स्वतः उघड करणे, बहुधा एका धीट वाक्यात उरकते आणि तिथेच ते खोटे वाटू लागते, कारण घरच्यांना बरेचसे आधीच कळलेले असते. इथे आई सँड्राच विषय काढते. जेमी घोषणा करत नाही, रडतो. सँड्राच्या भूमिकेत लिंडा हेन्री यांनी तिचा राग आणि धास्ती एकाच आवाजात ठेवली आहे.

‘कमिंग आउट’ला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. जवळचा विषय सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (कादंबरी २००६, चित्रपट २०२२) मध्ये आहे. तेथे नायक महाविद्यालयीन आहे.

शेवटी दोघे वसाहतीच्या मोकळ्या चौकात अमेरिकी गायिका मामा कॅस यांच्या गाण्यावर एकमेकांना धरून संथ नाचतात. मग सँड्रा शेजारची मुलगी लीआ हिला घेऊन सामील होते. चित्रपटाची ‘शहरी परीकथा’ अशी जाहिरात झाली असल्याने काही समीक्षक हा शेवट स्वप्नवत मानतात. मात्र नाच बंद खोलीत नाही. वरच्या सगळ्या सज्जांवरून दिसेल अशा जागी आहे, आणि शेजारी तिथे उभे राहून पाहत आहेत.