सीमाभागातल्या रॅपरच्या पाठीशी असलेली सत्तर वर्षं

कर्नाटकात गेलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी पट्ट्यातला एखादा मुलगा मराठीत रॅप लिहायला बसतो, तेव्हा दोन आवाज त्याच्या आधीच तिथं येऊन बसलेले असतात. एक मुंबईच्या गल्लीचा, मोबाइलमधून आलेला. दुसरा घोषणेचा, घरातूनच आलेला, वडिलांच्या आणि आजोबांच्या तोंडचा. हे दोन्ही आवाज दमदार आहेत आणि दोन्ही आयते मिळतात. सीमाभागातल्या स्वतंत्र रॅपरची वाढ समजून घ्यायची, तर हे आवाज आले कुठून आणि त्यांच्यातून स्वतःचा आवाज काढणं इतकं अवघड का जातं, हे आधी पाहावं लागतं.

पहिल्याची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, जमैकाहून आलेल्या डीजे कूल हर्कनं बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा लोकांना नाचवतो हे त्याच्या लक्षात आलं होतं. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढा तुकडा लांबवत राहायचा, आणि त्या तालावर माइकवरून बोलणं सुरू झालं. आपल्याकडे १९९२ च्या सुमाराला बाबा सेहगलनं रॅप घराघरात नेला, पण त्यात गंमत जास्त होती. स्वतःच्या वस्तीबद्दल स्वतःच्या बोलीत बोलायचं धाडस पुढं मुंबईच्या पोरांनी केलं. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरनं २०१४ मध्ये आयपॅडवर व्हिडिओ करून गाणं सोडलं, २०१५ मध्ये तो आणि दुसरा रॅपर डिव्हाइन एकत्र आले आणि २०१९ मध्ये त्यांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेतलेला हिंदी चित्रपट पडद्यावर आला. दरम्यान, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. खानापूर तालुक्यातल्या जंगलकडेच्या गावातही मग हे सगळं पोचलं. मराठीपुरतं बोलायचं, तर मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटातल्या एमसी मवालीचं नाव घ्यायलाच हवं. मराठीतून ठाम, विचाराचा रॅप करता येतो हे त्यानं दाखवून दिलं.

दुसरा आवाज जास्त जुना आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. १९४६ मध्ये बेळगावला ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं आणि तिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ज्या गावात ठराव झाला, तेच गाव महाराष्ट्राबाहेर राहिलं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळता, म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्याच वर्षीच्या जानेवारीत बेळगावात गोळीबार झाला होता. १७ जानेवारीला सीमाभागात हुतात्मा दिन पाळतात तो त्याचाच. १९६७ मध्ये या सीमावादावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला. बेळगाव शहर कर्नाटकातच राहावं, निपाणी-खानापूर महाराष्ट्राला द्यावं, असं त्यात होतं. महाराष्ट्रानं तो नाकारला आणि अंमलबजावणी कशाचीच झाली नाही. १९८२ मध्ये शाळांत कन्नडला पहिलं स्थान मिळावं म्हणून झालेल्या गोकाक चळवळीत अभिनेते राजकुमार यांच्यामागं अख्खं कन्नड जग उभं राहिलं, आणि १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात इकडं पुन्हा माणसं पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. हिंडलग्याच्या स्मारकापाशी दर १ जूनला लोक जमतात. २००४ मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वर्षी जन्मलेली पोरं आज रॅप लिहितायत आणि दावा अजून तिथंच आहे.

या सगळ्याला गाणं होतं, हे विसरून चालणार नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ पासून डफ-तुणतुण्यावर राजकारण गात होतं. अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड वरवर विरहाची आहे. मुंबईला पोट भरायला गेलेल्या कामगाराची बायको गावी राहिलीय. पण शेवटाकडे येता येता ते दुःख खंडित महाराष्ट्राचं होतं आणि त्यात बेळगाव, कारवारची नावं येतात. सांगायचं एवढंच, की मराठी गाण्यात बेळगाव आलं ते हरवलेल्या माणसासारखं. आपल्याला कुणीतरी शोधतंय, ही भावना इथल्या मुलाला जन्मतःच मिळते. ती खरी आहे. पण लिहिणाऱ्याला ती बांधूनही ठेवते, कारण हरवलेल्या माणसाला स्वतःचं असं काही म्हणायचं असेल, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

रॅपची लढत, म्हणजे एकानं टाकायचं आणि दुसऱ्यानं तिथल्या तिथं परतवायचं, ही इथल्या मातीला मुळीच नवी नाही. कलगी-तुऱ्याचे फड शक्ती मोठी की शिव मोठा यावर रात्र रात्र भांडायचे, कूट सवाल घालायचे, उत्तर न आलेल्याला उठवायचे. हीच परंपरा कन्नडमध्येही आहे. उत्तर कर्नाटकात लावणीची, गीगी पदांची हरदेशी-नागेशी अशी जुगलबंदी चालते, हातात तसाच डफ, तसंच तुणतुणं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जोगतिणी चौंडकं वाजवून गातात, तेव्हा मराठी कुठं संपलं आणि कानडी कुठं सुरू झालं हे सांगणं कठीण. १९५६ मध्ये आखलेली रेघ या तालांमधून गेलीच नाही. मला वाटतं, सीमाभागातल्या रॅपरकडची सगळ्यात मोठी पुंजी हीच आहे आणि ती त्याला बऱ्याच उशिरा दिसते.

तशीच भाषेची गोष्ट. बेळगावची मराठी उर्वरित महाराष्ट्राला भेटली ती मुख्यतः पु. ल. देशपांड्यांच्या रावसाहेबांच्या तोंडून. पुलंनी रावसाहेबांवर जीव लावला होता, त्यात शंका नाही. पण ऐकणाऱ्यांनी त्या भाषेतलं हसू तेवढं ठेवून घेतलं. पुण्यात शिकायला गेलेल्या बेळगावच्या मुलानं तोंड उघडलं, की समोरचा हसायच्या तयारीत असतो. आणि हे दुखणं एकट्या मराठीचं नाही. हुबळी-धारवाडच्या कन्नडचं बंगळूरुच्या चित्रपटांत वर्षानुवर्षं असंच विनोदी पात्र झालेलं आहे. दोन राजधान्यांनी आपापल्या सीमेवरच्या माणसाला एकच वागणूक दिली.

या हसण्याला कवितेत फार आधीच उत्तर दिलेलं आहे. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत. कवी ते कन्नडचे, १९७३ च्या ज्ञानपीठाचे मानकरी. त्यांनी धारवाडी बोली आणि बायकांच्या जात्यावरच्या, लावणीच्या चाली थेट कवितेत आणल्या, आणि तिला हसायची मग कुणाची टाप झाली नाही. बेळगावात रॅप लिहिणाऱ्या प्रत्येकानं बेंद्रे ऐकावेत, अर्थ अर्धाच कळला तरी चालेल. लय कळते.

आता प्रत्यक्ष वाट. सुरुवात बहुतेकांची सारखी असते. यूट्यूबवरचा फुकटचा बीट, कानातले हेडफोन आणि मुंबईची हिंदी. ज्या लोकलमध्ये कधी बसला नाही तिचं वर्णन, ज्या झोपडपट्टीत कधी गेला नाही तिचा अभिमान. हे शिकणंच आहे, त्यात लाज नाही. सोळा बारमध्ये, म्हणजे तालाच्या सोळा आवर्तनांत, वाक्य कसं बसवायचं, श्वास कुठं घ्यायचा, हे नक्कल करूनच कळतं. मराठीकडे वळल्यावर नवीच अडचण येते. वाक्याच्या शेवटी क्रियापद असल्यामुळं ‘गेला, आला, झाला’ हे यमक न मागता मिळतं आणि तिसऱ्या ओळीला कान कंटाळतो. मग शब्द मागंपुढं करणं, यमक ओळीच्या पोटात लपवणं, बोलीतला ‘की’ आणि ‘री’ ठोक्यावर आणून ठेवणं सुरू होतं. कारागिरी इथून लागते.

पैशाचं गणित कडक आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी यंत्रांच्या कारखान्यात किंवा फाउंड्रीत पाळी करायची आणि त्या पगारातून माइक, ऑडिओ इंटरफेस घ्यायचा. स्टुडिओ म्हणजे घरातली एक खोली, भिंतीला गोधड्या. गाणं भाड्याच्या बीटवर असेल, तर परवान्याचे कागद जपून ठेवावे लागतात, नाहीतर कॉपीराइटचा दावा येऊन कमाई दुसऱ्याकडे जाते. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं गेलेलं असणं लागतं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. या भागातल्या मराठीला ऐकणारेच मोजके, त्यामुळं ते ओलांडणं हीच मोठी मजल ठरते.

आणि इथंच घोषणेची ओढ लागते. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिवस. शिवजयंतीच्या चित्ररथांपुढं डॉल्बी. त्या दिवसांत आक्रमक गाणं टाकलं तर ते रातोरात फिरतं, मंडळं बोलावतात, पोरं खांद्यावर घेतात. मी हे हलकं लेखत नाही. आपली भाषा कार्यालयात चालत नाही, बसच्या पाटीवर दिसत नाही, याचा राग रास्त आहे. पण त्या गाण्याची किंमत लिहिणाऱ्याला मोजावी लागते. महाराष्ट्रातच २०२३ मध्ये राजकीय रॅप केला म्हणून राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोघांवर गुन्हे नोंदवले गेले. इथं तर भाषेचा वाद पेटला की आधी बस बंद होते. डिसेंबर २०२२ मध्ये झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा झालं. कोल्हापूरला कार्यक्रम ठरलेल्या मुलानं सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडायचा कसा? त्याहून मोठं नुकसान आतलं आहे. टाळ्या मिळालेली ओळच तो पुन्हा पुन्हा लिहू लागतो.

त्यातून जो बाहेर पडतो, त्याच्या लिहिण्यात मग घर दिसायला लागतं. निपाणीत विड्या वळणाऱ्या आईची बोटं, वडगावचा माग, कन्नड अर्ज भरून देणारा शेजारचा अण्णा. १९८१ मध्ये शरद जोशींच्या हाकेवर तंबाखूच्या भावासाठी निपाणीच्या महामार्गावर शेतकरी बसले होते आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. तो लढा भाषेचा नव्हता, भावाचा होता. एवढा मोठा विषय, आणि रॅपमध्ये त्याला हात लागलेला मी तरी ऐकलेला नाही. कुणीतरी तो घ्यावा असं मनापासून वाटतं.

ताल बदलायला लागतो तोही याच टप्प्यावर. परदेशी बीटच्या जागी हलगी, घुमकं, कैताळ ही इथली वाद्यं येतात. फोनवर रेकॉर्ड केली तर हलगी नुसती फाटते, म्हणून वादकाला लांब उघड्यावर उभं करायचं, कातडं जाळावर तापवून घ्यायचं, माइक थोडा तिरका धरायचा. वाजवणारा बहुतेकदा घरात कानडी बोलणारा असतो, कारण कुस्तीच्या मैदानात आणि जत्रेत तोच वाजवत आलेला असतो. मग एखादं कडवं तो कन्नडमध्ये म्हणतो. पुढचा प्रश्न अगदी व्यवहाराचा उरतो: गाणं कुणाच्या चॅनलवर टाकायचं, नाव कुठल्या लिपीत आधी लिहायचं आणि कमेंटमध्ये दोन्हीकडून शिव्या आल्या तर उत्तर कुणी द्यायचं. हे ठरवायला कुठला लेबलवाला नाही आणि कुठली समितीही नाही. दोघांनीच बसून ठरवायचं असतं.