दगडू, धोंडू, केरू: मृत्यूला चकवणारी नावं

पुण्यात ‘दगडूशेठ’ म्हटलं की सोन्याने मढलेला गणपती डोळ्यांपुढे येतो; त्या नावातला दगड कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू ही नावं गावोगाव होती. आईबापांना बरं नाव सुचत नव्हतं असं नाही. आधीची दोन-तीन मुलं दगावलेली असायची, म्हणून पुढच्याला मुद्दाम असं नाव द्यायचं की दृष्टीला किंवा यमाला हे पोर नेण्याजोगंच वाटू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात दर हजार जन्मांमागे दोनशेच्या आसपास मुलं वर्षाच्या आत जात. २०२० साली हा आकडा २८ होता.

नुसत्या नावावर भागत नसे. तान्ह्याला उकिरड्यावर ठेवायचं आणि दुसऱ्या बाईने ‘सापडलं’ म्हणून उचलून आणायचं, की झाला केरू. नवसाने, भीक मागून मिळालेला तो भिकाजी. मुलाचं नाक टोचून नथ घातली, तो नथू. गांधीजींचा मारेकरी नथुराम गोडसे याचं मूळ नाव रामचंद्र. आधीचे मुलगे वाचले नाहीत म्हणून लहानपणी त्याला नथ घातली होती. बंगालात मूल कवड्यांना विकल्याचं नाटक करत, म्हणून तिकडे तिनकोडी, पाँचकोडी. तमिळ पिच्चै म्हणजे भीक आणि कुप्पुसामीतला कुप्पै म्हणजे केर.

हे आपल्याकडेच होतं म्हणावं, तर रोमन अमलातल्या इजिप्तच्या कागदपत्रांत उकिरड्यावरून पडलेलं कोप्रेउस हे नाव वारंवार भेटतं. त्यातले किती जण खरोखरच टाकून दिलेले होते आणि किती जणांना दृष्टीच्या भीतीने ते नाव मिळालं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. चीनमध्ये लाडक्या पोराला कुत्र्याचं नाव देत. तुर्की दुरसुन म्हणजे ‘राहू दे’ आणि सातिलमिश म्हणजे ‘विकलेला’.

मंगोलियाची युक्ती मला सगळ्यांत बेरकी वाटते. तिथली नावं आहेत नेरगुई, म्हणजे ‘नाव नाही’. एनेबिश, ‘हा नव्हे’. आणि ख्युनबिश, ‘माणूसच नव्हे’. भूत दाराशी येऊन ‘कोण आहे?’ म्हणून विचारणार, तर नावातूनच त्याला वाटेला लावायचं.

नायजेरियातल्या योरुबा लोकांत लपवाछपवी नव्हती, उघड विनवणी होती. तेच मूल पुन्हा पुन्हा जन्माला येऊन मरतं, अशी समजूत; अशा मुलाला ‘अबिकू’ म्हणत. मग नाव ठेवायचं मालोमो, ‘आता परत जाऊ नकोस’, किंवा दुरोजाये, ‘थांब, जगण्याची मजा घे’. कोसोको या नावाचा अर्थ ‘कुदळ नाही’. थडगं खणायला घरात कुदळच उरलेली नाही, तेव्हा मरायचं कसं? याच नावाचा कोसोको १८४५ ते १८५१ लागोसचा राजा होता.

आपल्याकडची गोष्ट मात्र एवढी सरळ नाही. धोंडू हे नाव वरच्या जातींतही सर्रास होतं. १८५७ चे नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. महर्षी कर्वे म्हणजे धोंडो केशव, जन्म १८५८, आणि आयुष्य चांगलं १०४ वर्षांचं. (अधिक मासाला धोंड्याचा महिना म्हणतात, तेव्हा त्या महिन्यात जन्मला म्हणूनही एखादा धोंडू असे.) दुसरीकडे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचं नाव मंगल असावं आणि शूद्राचं ‘जुगुप्सित’, म्हणजे किळस येईल असं असावं, असा सरळ नियमच आहे. त्यामुळे जुन्या दप्तरात ‘कचरू’ दिसला तर ते नाव आईने जीव लावून ठेवलं की गावाने त्याची पायरी दाखवायला चिकटवलं, हे नुसत्या नावावरून कळत नाही. अर्थासकट नावं देणाऱ्या याद्यांत हा पेच येतच नाही, कारण केरू, कचरू त्यांच्यात मुळात घेतलेलेच नसतात.

नवसाची नावं मागे पडली ती लसी आणि दवाखाने आल्यावर, हळूहळू. लादलेली नावं मात्र माणसांनी ठरवून टाकली. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध घरांतून गौतम, सिद्धार्थ, राहुल, आनंद ही नावं दिसू लागली, ती थेट बुद्धचरित्रातून उचललेली.